रंगकाम आणि ऋतुमान

महाराष्ट्रात घराला रंग देण्याचे काम दोन पंचांगांनुसार चालते. एक भिंतीचे पंचांग. त्यात पाऊस, दमटपणा, ऊन आणि वारा एवढ्याच तिथी असतात. दुसरे घराचे, त्यात गणपती, दिवाळी, थोरलीचे लग्न, धाकट्याची दहावी, अमेरिकेहून येणारी नणंद आणि रंगाऱ्याचे गावाकडचे तिकीट या तिथी असतात. भिंतीच्या पंचांगात जो काळ उत्तम, तो घराच्या पंचांगात बहुधा कोरा असतो. घराच्या पंचांगात जो काळ निकडीचा, त्या काळात भिंत ओली असते. या दोहोंच्या ओढाताणीतून जी तारीख निघते, तिला रंगकामाचा मोसम म्हणतात.

भिंतीची बाजू आधी पाहिलेली बरी, कारण पुढे ती कोणी विचारात घेत नाही.

सर्वांत जुना आणि सर्वांत समजूतदार रंग म्हणजे चुन्याची सफेदी. कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदतो, निवतो, मग तो गाळून त्यात डिंकाचे किंवा गुळाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालून भिंतीला देतात. भिंतीवर गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा खडूसारखा घट्ट होतो. या कामासाठी त्याला थोडी ओल लागते. भर उन्हात एकदम सुकला तर त्याची भुकटी होते आणि टेकून बसणाऱ्याच्या पाठीवर घराची खूण उमटते. ओला असताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि सुकता सुकता पांढरा होत जातो. दमट हवेत हे पांढरे होणे रेंगाळते. तेवढ्या वेळात, रंगाऱ्याने चुन्याच्या नावाखाली नुसते पाणी फासले अशी घरमालकाची खात्री पटते. “सकाळी बघा, काका,” एवढेच रंगारी म्हणतो. सकाळी भिंत पांढरीशुभ्र असते आणि त्या विषयावर कोणी बोलत नाही.

सिमेंटचा रंग, ज्याला तो कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक स्नोसेमच म्हणतात, तोही पाण्याचा भुकेला. तो देण्याआधी भिंत भिजवावी लागते आणि दिल्यानंतर दोन-तीन दिवस तिच्यावर पाणी मारावे लागते. डिस्टेंपरचा स्वभाव उलटा. तो खडूच्या भुकटीचा असतो आणि मागून ओल आली की फुगून सुटतो. ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून सुकतो, त्याला मोकळी हवा हवी. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद करून तो लावला तर रंग सुकत नाही आणि माणसे मात्र सुकतात.

राहिला प्लॅस्टिक पेंट, म्हणजे आजच्या बहुतेक घरांतला रंग. त्यात पाण्यात तरंगणारे रेझिनचे अतिसूक्ष्म कण असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा बनतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी उडायचे थांबते आणि कण ताटकळतात. उलट भिंत तापलेली असेल तर पाणी इतक्या घाईने उडते की कणांना जुळायला सवड मिळत नाही. ब्रशचे पट्टे तसेच दिसत राहतात. म्हणजे या रंगाला फार ओलही नको आणि फार ऊनही नको. थोडक्यात, ज्या रंगांना पाणी हवे ते नळाला पाणी नसताना एप्रिल-मेमध्ये लावतात, आणि ज्याला पाणी नको तो गणपतीच्या तोंडावर.

भिंत सुकली की नाही हे ओळखण्याच्या पद्धतीही आहेत. रंगाच्या कंपन्यांची माणसे ओल मोजायचे छोटे यंत्र घेऊन येतात आणि भिंतीला टेकवून आकडा वाचतात. आकडा ऐकून घरातील सर्व जण मान डोलावतात. यंत्र नसेल तर प्लॅस्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आतून दव धरले असेल तर भिंत ओली. ही चाचणी फुकट असूनही फारशी कोणी करत नाही, कारण उत्तर नको असते. प्रचलित पद्धत अशी की रंगारी भिंतीवर तळहात ठेवतो, क्षणभर डोळे मिटतो, आणि ज्या दिवशी त्याला काम सुरू करायचे आहे त्या दिवशी “कोरडी आहे” असे सांगतो.

रंगकामाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, कारण घराला रंग हवा आहे हे जूनमध्येच कळते. हवामान खात्याने २०२० साली नव्याने ठरवलेल्या सर्वसाधारण तारखांप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. मधल्या चार महिन्यांत भिंतीवर जे घडते त्याला ओल हा एकच शब्द असला तरी तिचे प्रकार अनेक आहेत. छताच्या कोपऱ्यात तपकिरी कडा असलेला डाग उमटतो आणि रोज थोडा राज्यविस्तार करतो. कपाटामागे काळी बुरशी धरते. बाहेरच्या बाजूला शेवाळ चढते आणि इमारत निसर्गाशी एकरूप होऊ लागते. छतावरच्या डागाबद्दल वरच्या मजल्यावरचे म्हणतात, पाऊस. खालचे म्हणतात, तुमचे बाथरूम. याचा निकाल लावायला डिसेंबर उजाडावा लागतो. पाऊस जाऊन दोन महिने झाले तरी डाग वाढतच असेल तर तो बाथरूमचा. तोपर्यंत दोन्ही घरांत जिन्यावर न बोलण्याइतपत प्रगती झालेली असते.

यातला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे लोणा. विटांमध्ये आणि गिलाव्यात असलेले क्षार पावसाच्या पाण्यात विरघळतात, आणि भिंत सुकू लागली की त्या पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन तिथे पांढऱ्या बुरबुरीत थराच्या रूपाने बसतात. म्हणजे भिंत ओली असते तेव्हा लोणा दिसत नाही. ती सुकताना दिसतो, ऑक्टोबरात, नेमका रंग लावायच्या दिवशी. यावर खरा उपाय पाणी कुठून येते ते शोधणे हा आहे. रूढ उपाय पॉलिश पेपरने तो घासून काढणे, लांबी भरणे आणि वर दोन हात मारणे हा आहे. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच आकाराचे पोपडे निघतात. घरोघरी अशी एक तरी जागा असते आणि कॅलेंडर टांगायला तीच निवडलेली असते.

पावसाळ्यात रंग देऊ नये असे सगळे सांगतात. तरीही पावसाळ्यातले पहिले मोठे रंगकाम ठरलेले आहे, कोकणात, गणपतीपूर्वी. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात येते. कोकणात त्या वेळी पाऊस रेंगाळलेला नसतो, मुक्कामाला असतो. मुंबईचा चाकरमानी चार दिवस आधी गावी पोहोचतो, वर्षभर बंद असलेल्या खोलीचे दार ढकलतो आणि समोरच्या भिंतीवर बुरशी पाहतो. गणपती तिथेच बसायचा असतो. मग तेवढीच एक भिंत रंगवायची असे ठरते. रंग आकाशी, गुलाबी किंवा पोपटी. रात्री शंभरचा बल्ब आणि टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावून ठेवतात आणि माणसे उकाड्यात झोपतात. वीज जाते. सकाळी भिंत रात्री होती तशीच असते, फक्त तिच्यावर डास चिकटलेले असतात. पेणच्या मूर्तिकारांपुढेही श्रावणात हाच प्रश्न असतो, कारण शाडूची मूर्तीही दमट हवेत सुकत नाही. पण त्यांना मूर्ती उचलून वाऱ्यात ठेवता येते, आणि ही सोय भिंतीच्या बाबतीत नाही. मखर लागले की ओली भिंत झाकली जाते. दर वर्षी एकच भिंत रंगवल्यामुळे कोकणातल्या जुन्या घरात समोरची भिंत यंदाची, उजवीकडची कोणाच्या तरी बारशाची आणि उरलेल्या दोन आजोबांच्या काळातल्या, अशी रचना आढळते.

गणपती गेले की पितृपक्ष. या पंधरवड्यात नवे काही सुरू करायचे नाही असा रिवाज असल्यामुळे रंगारी मोकळे असतात, दुकानदार माशा मारतात आणि दरही ताणलेले नसतात. व्यवहारी माणसाला ही संधी दिसते. रिवाज मोडायचाही नसतो. त्यावर तोडगा असा की अनंत चतुर्दशीला किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाऱ्याला बोलावून दारामागे ब्रशचा एक फटकारा मारून घ्यायचा. काम आधीच सुरू झाले, आता फक्त चालू आहे. पितरांनी यावर हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. हरकत घेतो तो हस्ताचा पाऊस. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागते, दिवसभर कडक ऊन पडते, रंगारी बाहेरच्या भिंतीला पहिला हात पुरा करतो, आणि चार वाजता आभाळ भरून येते.

देशावर आणि मराठवाड्यात जुनी रीत अशी की घटस्थापनेच्या आधी ‘दसरा काढायचा’. घरातली सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर धुवायची, भांडी घासायची, जाळी-जळमटे काढायची, आणि भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या. पांढरी माती, पाणी आणि हातातले फडके एवढ्यावर हे काम होत असे. ते घरातल्या बाया करत, त्याला उचल द्यावी लागत नसे आणि ते ठरल्या दिवशी संपत असे. हे तिन्ही गुण पुढच्या काळातल्या कोणत्याही रंगात एकत्र आढळलेले नाहीत.

दसरा ते दिवाळी हा रंगकामाचा खरा हंगाम. दूरदर्शनवर आणि मोबाइलवर रंगाच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत एक हसरे कुटुंब रिकाम्या दिवाणखान्यात उभे असते. कपाट नाही, शोकेस नाही, ट्रंका नाहीत, माळ्यावरून काढलेला पाळणा नाही. एशियन पेंट्सच्या डब्यावरचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला. त्याच्या हातातल्या ब्रशवरून रंग ठिबकत असे. एवढी प्रामाणिक जाहिरात नंतर पाहण्यात आली नाही.

दिवाळीचा रंग नीट बसेल की नाही हे अधिक महिन्यावर अवलंबून असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे दिवाळी दर वर्षी तितकी मागे सरकते, आणि दोन-तीन वर्षांनी अधिक मास येऊन तिला पुन्हा पुढे ढकलतो. पाऊस मात्र अधिक मास मानत नाही. २००९ साली लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होते. पाऊस परतण्याची ८ ऑक्टोबर ही तारीख धरली तर भिंत सुकवणे, घासणे, लांबी भरणे, प्रायमर, दोन हात, फराळ आणि आकाशकंदील या सर्वांना मिळून नऊ दिवस. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेले. तेव्हा महिनाभराहून जास्त अवधी. २०२० साली अधिक आश्विन होता आणि लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते, म्हणजे कागदावर हे वर्षही उत्तम. प्रत्यक्षात १४ ऑक्टोबरला पुण्यात, सोलापुरात आणि पंढरपुरात धो धो पाऊस कोसळला आणि मोसमी पावसाने महिनाअखेरपर्यंत देश सोडला नाही. अधिक महिन्याने दिलेले दिवस पावसाने वसूल केले. २०१९ साली तर ऐन दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उभे होते आणि कोकणात लोकांनी कंदील छत्री धरून लावले.

एवढे करून हवा कोरडी लाभली, तरी खरी मुदत तिसरीच असते. मुंबई-पुण्यात रंगकाम करणाऱ्यांत उत्तर प्रदेश आणि बिहारची माणसे पुष्कळ. त्यांची दिवाळी गावी, आणि तिच्या पाठोपाठ सहाव्या दिवशी छठ. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. त्यापूर्वी १२० दिवस आधी उघडत असे. म्हणजे रंगाऱ्याच्या जाण्याची तारीख घरमालकाने शेड कार्ड हातात घेण्यापूर्वीच नक्की झालेली असते. ती विचारायची पद्धत नाही. ती कळते लांबी भरून झाल्यावर. “गाडी आहे ना, मॅडम, बुधवारची,” असे शांतपणे सांगितले जाते, आणि तोवर सर्व भिंतींवर पांढरे ठिपके पडून त्यांना देवीची साथ आल्यासारखे दिसत असते.

हंगामात एक रंगारी चार-पाच कामे एकदम घेतो. सर्व ठिकाणी हजर राहणे शक्य नसल्यामुळे तो प्रत्येक घरात शिडी ठेवून जातो. शिडी हा कामाचा ताबा आहे. शिडी दिवाणखान्याच्या मधोमध उभी असली की रंगारी तांत्रिकदृष्ट्या आलेला असतो. घरमालकाला दुसरा माणूस बोलावता येत नाही आणि चहा मात्र रोज एक जास्त टाकला जातो. फोन लावला तर “उद्या सकाळी पक्का” असे उत्तर येते. हंगाम वगळता हेच उत्तर “आत्ता येऊ का?” असे असते.

शेडची निवड हा स्वतंत्र घोळ. कार्डावरचा चौकोन टपाल तिकिटाएवढा असतो आणि त्याचे नाव एखाद्या परदेशी मिठाईचे असते. निवड होते सप्टेंबरच्या ढगाळ, करड्या उजेडात. त्या उजेडात कोणताही पिवळा सोज्वळ दिसतो. रंग लागतो आणि ऑक्टोबरचे ऊन खिडकीतून आत येते, तेव्हा तोच पिवळा ओरडू लागतो. त्यात प्लॅस्टिक पेंट ओला असताना फिका दिसतो आणि सुकल्यावर गडद होतो. “हा आपण निवडलेला नाहीच,” असे गृहिणी म्हणते. रंगारी डब्याचे झाकण पुढे करतो. झाकणावर आकडा तोच असतो. डब्यात निघालेले बक्षिसाचे टोकन मात्र त्याने केव्हाच खिशात घातलेले असते. काही रंगांची तो विशेष शिफारस का करतो याचा उलगडा त्यावरून होतो.

प्रत्यक्ष रंग लागतो त्या दिवशी घर स्वतःच्या मध्यभागी गोळा होते. कपाटे, पलंग, शोकेस, देव्हारा, सारे खोलीच्या मधोमध जुन्या चादरीखाली सरकवले जाते. कपाट हलले की त्यामागे आधीच्या रंगाचा, आणि त्याच्याही आधीच्या रंगाचा, कपाटाच्या आकाराचा तुकडा दिसतो. कारण गेल्या वेळी रंगाऱ्याने कपाट न हलवता चौफेर रंगवून घेतले होते. तिथे एक कंगवा, जपमाळेचे तीन मणी आणि गेल्या निवडणुकीतली मतदानाची चिठ्ठी सापडते. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरतात, आणि ज्याने ती अंथरायची तो गुडघ्यावर बसून एका जुन्या अपघाताची बातमी शेवटपर्यंत वाचतो. दोन हातांच्या मध्ये चार ते सहा तास थांबावे असे डब्यावर लिहिलेले असते. दिवाळीच्या आठवड्यात पहिला हात ज्या कोपऱ्यात संपतो त्याच कोपऱ्यातून दुसरा सुरू होतो.

याच वेळी स्वयंपाकघरात चकल्या तळायला घेतलेल्या असतात. तेलाची वाफ अजून चिकट असलेल्या रंगावर बसते आणि कायमची राहते. प्लॅस्टिक पेंट हाताला कोरडा लागला तरी पूर्ण घट्ट व्हायला त्याला पुढे अनेक दिवस लागतात. तोवर त्याला ओल्या फडक्याने पुसू नये. पाहुणे लक्ष्मीपूजनाला येतात, आणि चपला काढताना तोल सावरायला भिंतीवर हात टेकतात. तो हात पुढची पाच वर्षे दाराशी असतो. नव्या हुकावर कंदील टांगला की हुकाभोवतीचा रंग नखाएवढा निघतो आणि तिथे तोरण जरा खाली ओढून घेतात.

दिवाळीनंतर हवा पालटते. डिसेंबर आणि जानेवारी हे घाटावरच्या बहुतेक भागांत रंगकामाला सर्वांत योग्य महिने. हवा कोरडी, ऊन सौम्य, भिंत चार महिन्यांची ओल सोडून मोकळी झालेली, लोणा येऊन गेलेला. विदर्भात थंडीची लाट आली तर पहाटे पारा दहा अंशांखाली जातो आणि तेवढ्यापुरते थांबावे लागते, पण दुपारी हरकत नसते. छठहून परतलेले रंगारी मोकळे असतात, दुकानात रांग नसते, रंग मिसळून देणारे यंत्र रिकामे असते. या काळात रंग न देण्याचे एकच कारण आहे, आणि ते म्हणजे कोणी येणार नाही. रंग भिंतीसाठी दिला जात नसून येणाऱ्यासाठी दिला जातो, त्यामुळे ज्या महिन्यात कोणी येणार नाही त्या महिन्यात भिंतीच्या प्रकृतीचा विचार करण्याचे प्रयोजन उरत नाही. अपवाद परदेशातली मुले नाताळच्या सुटीत येणार असतील त्या घरांचा. तिथे नोव्हेंबरअखेरीस उत्तम काम होते. पण सुनेला वासाचा त्रास होईल म्हणून सर्व खिडक्या उघड्या ठेवतात आणि नातवाला सर्दी होते.

गोव्यात ही दोन पंचांगे बऱ्यापैकी जुळतात. पाऊस ऑक्टोबरात ओसरतो, जुन्या गोव्यातले सेंट झेवियरचे फेस्त ३ डिसेंबरला असते आणि नाताळ महिनाअखेरीस. म्हणजे भिंतीला सुकायला सवड आणि माणसाला रंगवायला निमित्त, दोन्ही ओळीने येतात. पोर्तुगीज काळात पावसानंतर दर वर्षी घर रंगवण्याची सक्ती होती आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला होता, असे गोव्यात सांगतात. तशी सक्ती एखाद्या गृहनिर्माण संस्थेला केली तर सर्वसाधारण सभा किती तास चालेल, हा विचार येथे टाळलेला बरा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा अजूनही अनुकूल असते, पण घरात बारावी किंवा दहावी असते. परीक्षेच्या घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद आणि ऑइल पेंटचा वास म्हणजे वीस गुणांचे नुकसान. परीक्षा संपते तेव्हा एप्रिल लागतो. मग लग्नसराई. लग्नघराला रंग देणे ही जुनी चाल आहे. वारली घरांत तर लग्नासाठी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तो सवाशिणींच्या हातचा असतो आणि लग्न त्याच्याशिवाय होत नाही. शहरी लग्नघरात लग्न हॉलवर असते, जेवण हॉलवर असते, पाहुणे लॉजवर उतरतात. रंग तरीही घरालाच देतात.

मे महिन्यात विदर्भात भिंतीला हात लावला तर चटका बसतो. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. तिथे बाहेरचे काम पहाटे सुरू करून दहाला थांबवावे लागते, आणि पुन्हा उन्हे कलल्यावर. नाही तर रंग भिंतीवर जाण्याआधी ब्रशवरच सुकतो. आतल्या बाजूला आणखी एक स्थानिक अडचण आहे. खिडकीत बसवलेला कूलर चार महिने ठिबकत असतो, त्यामुळे त्याच्याखालची भिंत भर उन्हाळ्यात ओली असते. राज्यभर भिंती पावसाळ्यात भिजतात. विदर्भात प्रत्येक घरी एक भिंत उन्हाळ्यातही भिजते.

इमारतीला बाहेरून रंग देण्याचा काळही हाच, आणि तो निवडलेला नसून उरलेला असतो. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पावसाचे डाग ताजे असल्यामुळे सभेत रंगाचा ठराव एकमताने मंजूर होतो. ऑक्टोबरात दिवाळी. नोव्हेंबरात तीन ठिकाणांहून दर मागवले जातात. डिसेंबरात ते उघडल्यावर चौथ्या ठिकाणाहून, म्हणजे एका सभासदाच्या मेहुण्याकडून, दर येतो. जानेवारीत विशेष सभा. इथे रंग कोणता यावर चर्चा होते. बी विंगला क्रीम नको असतो, कारण ए विंगला तो हवा असतो. शेवटी सर्वांना सारखाच नावडणारा रंग ठरतो. फेब्रुवारीत दुरुस्ती निधीत किती पैसे आहेत याचा शोध लागतो आणि वर्गणी ठरते. मार्चमध्ये ती गोळा होत नाही. एप्रिलच्या मध्याला परांची बांधायला सुरुवात होते. खिडक्यांसमोर हिरवी जाळी येते, वारा बंद होतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई चहा घेत असताना समोरून एक अनोळखी माणूस दोरीवर डोलत खाली जातो. मेच्या मध्यापर्यंत तडे बुजवून, प्रायमर देऊन, तीन बाजूंचा पहिला हात झालेला असतो.

मग आभाळाकडे बघणे सुरू होते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच हजर झाला, सर्वसाधारण तारखेच्या सोळा दिवस आधी. त्याआधीच्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. अशा वर्षी कंत्राटदार उरलेले काम ‘पावसानंतर’ करून देण्याचे कबूल करतो, ताडपत्र्या बांधतो, शेवटच्या हप्त्याची आठवण करून देतो आणि परांची तशीच उभी ठेवतो, कारण ती उतरवून पुन्हा बांधण्याचा खर्च करारात नसतो. चौथी बाजू जुन्याच रंगाची राहते. नेमकी तीच रस्त्याकडे तोंड करून असते. सप्टेंबरात पुढची सर्वसाधारण सभा भरते.

महाबळेश्वरच्या लोकांनी या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींना वाळक्या गवताच्या झडी बांधण्याची रीत पडली. आता पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिक आले. भिंतीच दिसत नसल्यामुळे रंगाबद्दलचे मतभेद चार महिने स्थगित राहतात.

या सर्व ऋतुचक्राच्या बाहेर असलेला एक वर्ग म्हणजे भाड्याची घरे. तिथे करार अकरा महिन्यांचा असतो, त्यामुळे घर रिकामे होण्याची तारीख दर वेळी एकेक महिन्याने मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. जुना भाडेकरू शनिवारी जातो, नवा सोमवारी येतो. मधल्या रविवारी, जुलै असो वा मे, रंग होतो. एक हात, सर्व खोल्यांना एकच रंग, स्वस्तातला पांढरा, तोही खिळे न काढता, त्यामुळे खिळ्यांनाही एक हात मिळतो. स्विचबोर्डच्या कडा रंगतात, खिडकीच्या काचांना शिंतोडे उडतात, आणि न्हाणीघराच्या दारावर ऑइल पेंट इतका ताजा असतो की नवा भाडेकरू पहिल्या रात्री आत अडकतो. पोपडे निघू लागले की नवा भाडेकरू मालकाला फोन करतो. मालक “पावसाळा संपू दे, मग बघू” म्हणतो. हे उत्तर फेब्रुवारीतही दिले जाते. घर सोडताना रंगाचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. त्या रकमेवर ऋतूचा काही परिणाम होत नाही.